चारशे बाराव्या ओळीवरचं नाव

३ मार्च, सोमवार

नोकरीवर हजर झाले आणि जागा आवडली. एकाच दिवसात दोन्ही गोष्टी घडणं माझ्या बाबतीत विरळाच.

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, खाली कुलपं-किल्ल्यांचं दुकान. सगळे मिळून आम्ही अकरा जण. मला खिडकीजवळचं टेबल मिळालंय. खण उघडून बघितला तर आत आधीच्या माणसाची एक टाचणीसुद्धा नाही. जाताना असं झाडूनपुसून जाणारी माणसं मला मनापासून आवडतात.

काम असं आहे. दवाखान्यात खाटेशेजारच्या खांबाला एक छोटा पंप लावतात. सिरिंजमधलं औषध तो ठरलेल्या वेगाने थेंब थेंब शरीरात सोडतो. त्याच्या आतला प्रोग्रॅम आम्ही लिहितो. कोणतं औषध जास्तीत जास्त किती वेगाने द्यायचं, त्याचा तक्ता पंपाच्या पोटात असतो. सिस्टरने घाईत चुकीचा आकडा टाकला, तरी त्या मर्यादेपुढे पंप जात नाही. साहेबांनी हे सगळं मला उभं राहून, जरा भाषणाच्या थाटात सांगितलं. मी मान डोलावत होते, पण खरं सांगायचं तर भारावले होते.

ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या माणसाला सगळे गुरुजी म्हणतात. बावीस वर्षं ते इथे आहेत. माझी मुलाखत त्यांनीच घेतली होती, आणि तीत एकच प्रश्न लक्षात राहण्यासारखा होता: अस्ताव्यस्त फाइल दिसली की तुमचे हात शिवशिवतात का? मी म्हटलं, हातांचं माहीत नाही, पण झोप उडते. ते पोट धरून हसले आणि म्हणाले, मग सोमवारपासून या.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, तुझं काय सांगावं बाई, पोटातून बाहेर येतानाही मागचं आवरूनच आली असशील. तिच्या पित्ताशयात खडे झालेत. सत्तावीस तारखेला ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात. तिला माझ्याशिवाय कोणी नाही, मला तिच्याशिवाय कोणी नाही, त्यामुळे मला काही ते किरकोळ वाटत नाही. जुनी नोकरी सोडून मी तिच्याजवळ राहायला आले ती त्याचसाठी.

ही रोजनिशी मी वहीत लिहीत नाही, फाइलमध्ये लिहिते. ऑफिसात प्रोग्रॅम ज्या पद्धतीने साठवतात त्याच पद्धतीने ती ठेवते, म्हणजे कुठली ओळ कधी लिहिली याची नोंद आपोआप राहते. आई याला वेड म्हणते.

४ मार्च, मंगळवार

सकाळी संगणक उघडला आणि दचकलेच. काल मी कशालाही हात लावला नव्हता, तरी तीनशे फाइली बदलल्या म्हणून लाल झालेल्या.

कारण लगेच कळलं. ओळ इथे संपली हे संगणकाला सांगायला प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण असते. जुन्या टाइपरायटरवर ओळ संपली की दोन कामं करावी लागत: गाडा मागे ओढायचा आणि कागद वर सरकवायचा. विंडोजवाले संगणक अजून त्या दोन्ही खुणा लिहितात. मॅक आणि लिनक्सवाले एकीवरच भागवतात. आमच्याकडे तिन्ही जातीचे संगणक आहेत. फाइल इकडून तिकडे गेली की ओळीओळीच्या शेवटी एक खूण वाढते नाहीतर गळते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण नोंद ठेवणारा प्रोग्रॅम बोंब मारतो की सगळ्या ओळी बदलल्या.

यावरचा उपाय कोणालाही माहीत असतो. रेपोच्या मुळाशी, म्हणजे सगळ्या फाइली जिथे साठवतात तिथे, नियमांची एक छोटी फाइल ठेवायची आणि एकदा सगळ्या ओळी एका पद्धतीच्या करून टाकायच्या. एका दुपारचं काम. पण इथे ते कोणी करत नाही. त्याऐवजी ओळींच्या शेवटचा फरक लपवणारं एक बटण सुरू करून सगळे काम करतात. त्याला इथे चष्मा म्हणतात. सात वर्षं सगळा कारभार चष्म्यावर चाललाय.

मी विचारलं, का? एकाने खोकला काढला, दुसऱ्याला एकदम फोन आठवला. गुरुजी तेवढे म्हणाले की करता न येण्यासारखं काही नाही, कोणीतरी अंगावर घ्यायला हवं. मी म्हटलं, मी घेते.

६ मार्च, गुरुवार

झालं! दोन हजार एकशे चाळीस फाइली, पावणेचार लाखांवर ओळी. साठवताना सगळीकडे एकच खूण राहील, आणि बाहेर काढताना ज्या त्या संगणकाच्या रीतीप्रमाणे ती आपोआप बदलेल, असा नियम लिहिला. कोणाच्या पोटात दुखायला नको.

गुरुजी शेजारी बसून होते. शेवटचं बटण तुम्ही दाबा, मी त्यांना म्हटलं, शेवटी प्रोग्रॅम तुमचा. त्यांनी हात मागे घेतला. नाही नाही, म्हणाले, कष्ट तुमचे, नाव तुमचं.

नावाची गंमत खरीच झाली. कोणत्याही ओळीला तू कोणाची असं विचारता येतं, आणि तिला शेवटचा हात ज्याने लावला त्याचं नाव येतं. इथे याला ओळीचा बाप काढणं म्हणतात. आज कुठल्याही ओळीचा बाप काढा, उत्तर मीच. बावीस वर्षांचं काम मी एका दुपारी केलं, पगार वाढवा, असं मी मोठ्याने म्हटलं. सगळे हसले, जरा उशिराच हसले. गुरुजींनी मला चक्क हात जोडले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. उद्यापासून ते रजेवर आहेत, मुलीचं पहिलं बाळंतपण. म्हणून हळवे झाले असतील.

७ मार्च, शुक्रवार

दवाखान्यांना जायचं तिमाही अपडेट आज निघालं. ते तयार करतो साहेबांच्या टेबलाखालचा जुना विंडोज संगणक. त्याने रेपोतून सगळ्या फाइली नव्याने काढल्या, कुठेही लाल नाही. साहेबांनी पहिल्यांदाच माझं कौतुक केलं.

अकराच्या सुमाराला रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन आला की तुम्हाला भेटायला कोणी आलंय. मला इथे कोण ओळखतं? खाली गेले तर बाक रिकामा. वाट बघून गेले, ताई म्हणाल्या. आल्यागेल्याच्या वहीत सही वाचता येत नव्हती. कोणाला भेटायचंय त्या रकान्यात माझं पूर्ण नाव होतं. वडिलांच्या नावासकट.

१० मार्च, सोमवार

आज फोन येताच धावत गेले. पंचावन्नच्या आसपासचे गृहस्थ, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर स्टीलचा थर्मास दोन्ही हातांनी धरलेला. मला बघून उठून उभे राहिले. त्यांनी विचारलं, चारशे बारावी ओळ तुमची का?

मला वाटलं, एखाद्या दवाखान्याचा तंत्रज्ञ असेल. कुठल्या फाइलमधली, मी विचारलं. त्यांनी एक कागद पुढे केला. छापताना घोळ झालेला. प्रत्येक ओळ आधीची ओळ जिथे संपली तिथूनच सुरू होत होती, पायऱ्या उतरल्यासारखी, आणि पाच-सहा ओळींनंतर कागदाबाहेर. मला हसूच आलं. एक खूण गळाली की असं होतं, कागद सरकतो पण गाडा मागे येत नाही, असं मी त्यांना समजावून सांगितलं. ते हसले नाहीत. एका ओळीखाली त्यांनी निळ्या शाईने रेघ मारली होती.

वर येऊन ती ओळ बघितली. साध्या भाषेत सांगायचं तर ती पंपाला म्हणते: तक्त्यातला मर्यादेचा आकडा वाचता आला नाही, तर मर्यादाच नाही असं समज.

आकडा वाचता येत नसेल तर पंपाने थांबायला हवं. असं कोण लिहितं? बाप काढला. उत्तर: मी, सहा मार्च. माझ्या थराखाली मागच्या नोव्हेंबरातले गुरुजी, त्यांच्याखाली सात वर्षांपूर्वीचं एका बाईचं नाव. माझ्या टेबलावरची आधीची. तिनेही तेव्हा सगळ्या ओळी अशाच एका दिवशी सरळ केल्या होत्या. तिच्याही खाली, एकोणीस वर्षांपूर्वी, पुन्हा गुरुजी. म्हणजे ओळ गुरुजींची.

हे सांगायला खाली गेले तोवर गृहस्थ निघून गेले होते.

१२ मार्च, बुधवार

ताईंकडून जुन्या वह्या मागून घेतल्या. सात वर्षं रोज तीच सही. सुट्ट्या सोडून एकही दिवस खाडा नाही. भेटायचं कोणाला, तर आधीचीला. ती नोकरी सोडून गेल्यावरही आधीचीलाच. मागच्या नोव्हेंबरपासून मात्र गुरुजींना. आणि सात मार्चपासून मला.

ताईंनी हळू आवाजात सांगितलं. त्या गृहस्थांची बायको सात वर्षांपूर्वी साध्या ऑपरेशननंतर आपल्या पंपावर होती. हे चहा भरून आणायला दहा मिनिटं खाली गेले. परत आले तोवर सगळं आटोपलं होतं. चौकशीत सिस्टरची चूक निघाली. त्यांना ते पटलं नाही. ओळ कोणाची, ते एवढंच विचारत राहिले.

मग ताई म्हणाल्या की दुसऱ्याच वर्षी ते स्वतःही वारले. त्या स्वतः घरी जाऊन आल्या होत्या भेटायला.

मी विचारलं, मग वहीत रोज लिहिता कोणाला? कोण आलं आणि कोणाला भेटायचंय, एवढंच लिहिणं माझं काम, त्या म्हणाल्या. जिवंत आहे का, असा रकाना वहीत नाही. हे बोलताना त्यांनी मान वर केली नाही.

मला हे खरं वाटत नाही. पण मी संध्याकाळी जिन्याने उतरले नाही, लिफ्टची वाट बघत उभी राहिले.

१३ मार्च, गुरुवार

आज ते बाकावर नव्हते. पहिल्या मजल्याच्या वळणावर, भर दुपारी, उन्हात उभे. तोच प्रश्न. मी स्पष्ट सांगितलं की नाव माझं दिसत असलं तरी ओळ मी लिहिलेली नाही, मी फक्त शेवटची खूण बदलली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली, आणि कागदावर काहीतरी टिपलं.

उन्हात त्यांची सावली होती का, ते बघायचं राहिलं. आता तेच डोक्यात फिरतंय.

१४ मार्च, शुक्रवार

घरी आले तर आई खुशीत. तुझ्या ऑफिसातले एक सद्गृहस्थ आले होते म्हणे, किती अदबीने बोलतात, तुमच्यात असं बोलणारं कोणी आहे हे माहीत नव्हतं. चहा विचारला तर म्हणाले, माझ्याकडे आहे. ऑपरेशन कधी, कुठल्या दवाखान्यात, सगळी विचारपूस केली. आईने सगळं सांगितलं. खोलीचा नंबरसुद्धा.

मी तिच्यावर ओरडले. अनोळखी माणसाला घरात घेतेस, अक्कल आहे का, असं म्हणाले. उभ्या जन्मात मी तिच्याशी असं बोलले नव्हते. ती आत जाऊन पडली. मला स्वतःचीच लाज वाटते आहे आणि भीती त्याहून जास्त वाटते आहे.

१७ मार्च, सोमवार

ताईंकडून आधीचीचा नंबर मिळवला. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर जाऊन फोन केला. मी कोण, कुठून बोलते, सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं, तुमच्या घरी कोणी आजारी आहे का?

मी आईचं सांगितलं. ती रडायला लागली. तिचे वडील, तो माणूस यायला लागल्यापासून पाचव्या आठवड्यात गेले. पाय मोडला होता, बाकी ठणठणीत होते. खाटेशेजारी आपलाच पंप. तो तिलाही रोज विचारायचा, आणि तीही रोज सांगायची की ओळ माझी नाही, खरंच नव्हती. तिच्यानंतर गुरुजींनी तो नियम काढून टाकला म्हणे, आणि ऑफिसात चष्मा आला.

कुठला नियम, मी विचारलं. तिने फोन ठेवला. परत केला तर उचलत नाही.

१८ मार्च, मंगळवार

ही रोजनिशी उघडली तर पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या ओळी बदललेल्या दिसताहेत. एक अक्षर वेगळं नाही. नीट तपासलं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक खूण वाढलीय. ही फाइल माझ्या संगणकाबाहेर कधी गेलेली नाही.

कोणी वाचली?

१९ मार्च, बुधवार

गुरुजी आले. मुलीला मुलगा झाला, दोघंही सुखरूप. पेढ्याचा बॉक्स माझ्यापुढे धरला तो मी बाजूला सारला आणि त्यांना मागच्या खोलीत नेलं, जिथे जुने पंप रचून ठेवलेत.

त्यांनी काही लपवलं नाही. नोव्हेंबरात एक दुरुस्ती करताना त्यांचा हात त्या ओळीला लागला, तेव्हापासून तो माणूस त्यांना विचारायला लागला, आणि मुलीला तेव्हा पाचवा महिना होता. मला एवढंच हवं होतं, म्हणाले, की सगळ्यात वरचं नाव माझं नसावं. त्यासाठी तुम्हाला आणलं. आणि मग लहान मुलासारखे रडले. मी त्यांच्या थोबाडीत मारायला हात उचलला होता. तसाच खाली आणला. त्यांच्या जागी मी काय केलं असतं ते मला सांगता येत नाही, आणि याचाच जास्त राग आला.

तुमचा तो नियम मी लगेच काढणार होतो, ते म्हणाले. रजेच्या गडबडीत राहिलं. पण अपडेट एकतीसला निघणार ना, तोवर काढतो.

अपडेट सातलाच निघालं.

हे ऐकल्यावर ते दाराकडे वळले. मी किती विचारलं. तसेच घरी निघून गेले. फोन बंद.

२१ मार्च, शुक्रवार

ती चारशे बारावी ओळ मी दुरुस्त केली. आकडा वाचता आला नाही तर थांब. पण हे पंपात जायला तीन महिने, तपासण्या, सह्या. साहेब म्हणतात, एकोणीस वर्षं चाललंय ना नीट?

तो थर्मासवाला आज माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून होता. बाकी कोणी त्याच्याकडे बघत नव्हतं. मी नाही म्हणाले. टिपून घेतलं त्याने.

२४ मार्च, सोमवार

आता कळलं. देवा, आता कळलं.

आजवर मी चाचणी घेत होते ती माझ्या लिनक्सवर तयार केलेल्या प्रोग्रॅमची. आज दवाखान्यांना प्रत्यक्ष गेलेलं अपडेट एका पंपात भरलं. मर्यादेच्या दसपट वेग टाकला. पंपाने नकार द्यायला हवा होता. तो सुरू झाला. सिरिंजमधलं पाणी भांड्यात पडत राहिलं आणि मी बघत राहिले.

माझा नियम म्हणतो, बाहेर काढताना ज्या त्या संगणकाच्या रीतीने. साहेबांचा जुना संगणक विंडोज. त्याने औषधांचा तक्ता काढताना ओळीओळीच्या शेवटी दुसरी खूण लावली. तक्त्यात ओळीचा शेवटचा आकडा मर्यादेचा. खूण त्या आकड्याला चिकटली. पंपाला तो आकडा वाटेना. आणि वाचता आला नाही तर काय करायचं, ते चारशे बाराव्या ओळीत लिहिलेलंच आहे.

सात वर्षांपूर्वी आधीचीनेही हेच केलं होतं. ओळ गुरुजींची, पण ती इतकी वर्षं गप्प पडून होती. तिला जागं आधी तिने केलं, मग मी.

साहेबांना पंप दाखवला. ते पांढरे पडले. पंप बंद करा असं पत्र दवाखान्यांना पाठवता येईल, म्हणाले, पण कंपनीची रीत अशी की ओळीवर ज्याचं नाव त्याची सही. मागच्या वेळी आधीचीने सही नाकारली. पत्र गेलंच नाही. पाच आठवडे ते पंप तसेच चालत राहिले.

म्हणजे तिचे वडील.

सही केली तर कोर्ट, कदाचित तुरुंग. तो नियम काढायला विसरणारे गुरुजी, घाईने अपडेट धाडणारे साहेब, आणि नाव एकटीचं माझं? मी विचार करायला एक रात्र मागितली. आईचं ऑपरेशन सत्तावीसला आहे. तीन दिवस आहेत हातात.

२५ मार्च, मंगळवार, सकाळ

आईच्या पोटात पहाटे कळ आली. उलट्या. ॲम्ब्युलन्स. ऑपरेशन आजच करणार म्हणतात, आत्ताच. नेलं तिला आत. जाताना मला म्हणाली, गॅस बंद केलास ना?

मोबाइलवर लिहितेय. हात रिकामे ठेववत नाहीत.

दुपार

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर हसून बोलले. आई खोलीत आहे, गुंगीत, पण ओळखलं मला. वेदना कमी व्हायला औषध लावलंय.

पंपावर. आमच्या. मागचं स्टिकर वाचलं, अपडेट सात मार्च.

सिस्टरला सांगितलं, काढा तो. दुसरा लावा. म्हणाली, सगळे तेच आहेत. मग हाताने सोडा औषध. डॉक्टरांना विचारावं लागेल. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये. तुम्ही कोण? कंपनीचं पत्र आहे?

मी पंपाच्या बटणाला हात लावला तर तिने मला बाहेर काढलं. काचेच्या दाराबाहेर बाकावर बसवलंय. रखवालदार उभा केलाय.

साहेबांना फोन. पत्र तयार आहे, फक्त सही. कागदावर करून फोटो पाठव, चालेल.

तो माझ्या शेजारी येऊन बसलाय. थर्मास मांडीवर. विचारतोय. तेच.

काल केली असती तर. काल. एक रात्र कशाला मागितली मी —

केली. सही केली. खाली हातानेच लिहिलं, ओळ दुसऱ्याची, चूक माझी. पाठवलं. त्यालाही तोंडावर सांगितलं, हो, माझं नाव, माझी चूक, आता माझ्या आईला सोडा.

त्याने कागदाची घडी घातली. खिशात ठेवली. आता बरं झालं, म्हणाला. एवढी वर्षं कोणी हो म्हणालंच नव्हतं. आणि उठला.

बाक रिकामा. जिन्याकडे गेला नाही —

आई आत कोणाशी तरी बोलतेय. काचेतून दिसतंय. खाटेजवळची खुर्ची दाखवतेय, बसा म्हणतेय. खुर्चीत कोणी नाही. मला कोणी दिसत नाही.

पत्र आलं. सिस्टरच्या हातात आहे, वाचतेय ती. पहिल्या ओळीपासून. अहो वाचत काय बसलात —

पंपावरचा आकडा. मघाशी तीन होता. तीस दिसतोय. कोणी हात लावला नाही. नाही, डोळे पुसले. तीस. शेवटी अजून एक शून्य —

आई गप्प झाली. मान एकीकडे —

ओरडतेय मी. रखवालदाराने दंड धरलाय, एका हाताने लिहितेय —

सिस्टरने वर बघितलं. विचारतेय, खाली सही आहे ते नाव तुमचंच का. हो. हो म्हणाले. माझंच आहे, माझंच, आता तरी दार उघ